न उगवलेले दिवस

आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात. सिंदी मेघेच्या पुढे रस्त्याला लागून पत्र्याची लांब शेड आहे. तिच्यात शिलाई मशीनच्या रांगा, एका टोकाला कापड कापायचं मोठं टेबल आणि दुसऱ्या टोकाला इस्त्री. तिथली देखरेख माझ्याकडे आहे. त्याआधी मी पिपरी मेघेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मुलींना शिवण शिकवायची. त्यातल्याच बऱ्याच जणी पुढे कारखान्यात लागल्या, म्हणून तिथं मला कोणी मॅडम म्हणत नाही. सगळ्या बाईच म्हणतात.

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात आमची कॉलर बसवणारी काम सोडते म्हणून सांगायला आली. कॉलर हे शर्टातलं सगळ्यात नाजूक काम. दोन्ही टोकं सारखी आली नाहीत तर घालणारा दिवसभर एका बाजूला कललेला दिसतो. हिच्या हातची कॉलर उलटून पाहायची कधी गरज पडली नाही. ती जामकडच्या एका खेड्यातून बसने यायची. नवऱ्याचं जामच्या चौकात चहा-नाश्त्याचं दुकान, तो उजाडायच्या आधीच घर सोडायचा. घरी सासू, आणि त्या वर्षात सासूची नजर जवळजवळ गेली होती. तिला आंघोळ घालून, जेवू घालून, शेजारची जाऊ मोकळी झाली की तिच्या हवाली करून निघायचं, तर नऊचा भोंगा गाठणं शक्यच नव्हतं. भोंग्यानंतर जरा वेळाने फाटक लागायचं आणि उशिरा आलेलीला अर्धा दिवस बाहेर.

"मले काम सोडाचं नाई, बाई," ती म्हणाली. "मले फक्त नऊ वाजता जमत नाई. अकरा वाजता जमते. पन अकरा वाजता तं तुमचं फाटक लागून राह्यते."

तिने स्वतःची कात्री पिशवीत टाकली आणि गेली. त्याच हिवाळ्यात आणखी दोघी अशाच गेल्या. हात चांगले होते, कामाची तक्रार नव्हती, फक्त वेळ जमत नव्हती. मी मालकांना जाऊन सांगितलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या वर्ध्यात कापडाच्या व्यापारात. हा कारखाना मात्र त्यांनी स्वतः उभा केलेला. त्यांना माणसं जाण्याचं वाईट वाटत होतं, पण ते म्हणाले की शिलाई ही साखळी आहे. एकीने बाही जोडली की दुसरी कूस, म्हणजे बाजूची शिवण, मारणार, तिच्यानंतर काज, मग बटणं, मग इस्त्री. मधली एक अकराला आली तर पुढच्या सगळ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं का? त्यांचं चुकीचं नव्हतं.

हे बोलणं त्यांच्या घरी चाललं होतं आणि त्यांची सून तिथंच बसली होती. नुकतंच लग्न होऊन आलेली, इंजिनिअर. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम ती घरूनच संगणकावर करायची. तिचं काम काय, हे मला तोवर कोणी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कळलं की मोठमोठ्या दवाखान्यांमध्ये आणि गोदामांमध्ये कोणी कोणत्या वेळी कामावर यावं, हे ती संगणकावर आधी घडवून पाहते. खरी माणसं हलवायच्या आधी.

"बाबा, आपलाही कारखाना करून पाहू का?" तिने विचारलं. "खऱ्या लाईनला हात लावायचा नाही. एक खोटा कारखाना करायचा आणि त्यात हव्या त्या वेळा देऊन पाहायच्या. बिघडला तर खोटाच बिघडेल."

मालक म्हणाले, कर, पण माझी लाईन थांबता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून ती शेडमध्ये येऊन बसायला लागली. एका स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप, आणि डोळे कोणाच्या तरी हातांवर. मला वाटलं होतं ती एका कॉलरला किती वेळ लागतो ते विचारेल आणि मी सांगेन. मी सांगितलंही. ती म्हणाली, "एकच आकडा नको, काकू. कॉलर कधी झटकन होते, कधी रखडते. मला ते रखडणंही पाहिजे." मग सुई कधी मोडते, दोरा किती वेळा तुटतो, लाईट कधी जाते आणि गेली की केव्हा येते, बस चुकली की बाई किती उशिरा पोचते, हे सगळं ती विचारत राहिली. इतकी वर्षं ज्या गोष्टींवरून मी नुसती कपाळाला हात लावत होते, त्या ती मागून मागून घेत होती.

नंतर तिने दुसरा प्रश्न काढला. तुम्हाला कामावर कोणत्या वेळी यायला जमेल आणि कोणत्या वेळी निघायला पाहिजे? हा प्रश्न एकेकीला मी विचारायचा, असं ठरलं, कारण माझ्याशी त्या मोकळ्या बोलतात. पण सुरुवातीला कोणी बोलेचना. काही हसल्या. एकीला वाटलं, आपल्याला काढून टाकायचं चाललंय. नऊ वाजता येतो न आम्ही, मग अजून काय सांगाव, असं सगळ्यांचं. आपली वेळ आपल्याला विचारतात, हेच त्यांच्या ओळखीचं नव्हतं. मग मी जेवणाच्या सुट्टीत एकेकीजवळ डबा घेऊन बसायला लागले.

त्या दिवसांत मी जे ऐकलं ते आजही मनातून जात नाही. एकीच्या शेतात एक आठवडा दिवसा लाईट यायची, एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात सकाळी चण्याला पाणी देऊन मग ती बस धरायला पळायची, चपलेला चिखल तसाच. एकीला सकाळी सातलाच यायचं होतं. घरी इतकी माणसं की सकाळी बसायला जागा नसते, इथं निदान आपली म्हणून एक खुर्ची आहे, असं ती म्हणाली. एक नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करत होती आणि तिला दुपारी लवकर सुटायचं होतं. एकीला उलट संध्याकाळ हवी होती, कारण सकाळी ती सासऱ्यांना घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभी असायची. इस्त्रीवाली तेवढी काही मागेना. "तुमी म्हणसान तवा येतो," एवढंच तिचं म्हणणं.

मी रोज त्यांना नऊच्या भोंग्याला एकदम आत शिरताना पाहत आले होते. सगळ्यांची एकच सकाळ असणार असं धरून चालले होते. त्या फाटकाच्या पलीकडे इतक्या वेगवेगळ्या सकाळी उगवत होत्या आणि त्या सगळ्या ओढून, दाबून रोज एका वेळेत बसवल्या जात होत्या. आणि तरी भोंगा झाला की मशीनी सुरू व्हायच्या. हे कसं जमत आलं, याचंच मला नवल वाटायला लागलं.

पंधरवड्याने सूनबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. पडद्यावर आमची शेड वरून दिसत होती. चौकोन म्हणजे मशीनी, आणि रंगीत ठिपके म्हणजे आम्ही. प्रत्येक बाई एक ठिपका. कापलेल्या कापडाचे छोटे करडे ठिपके एका चौकोनाकडून दुसऱ्याकडे सरकत होते. सकाळ झाली, ठिपके आत आले, आपापल्या चौकोनाशी बसले. सगळं सुरळीत. मला ते सुरळीतपण पाहून जरा हसू आलं, कारण असा दिवस आमच्याकडे कधी झाला नव्हता.

"हो, हा फार शहाणा कारखाना आहे," तीही हसली. "आता याच्यात तुम्ही सांगितलेला त्रास घालते."

तिने दोरे तुटू दिले. बसला उशीर केला. दुपारची लाईट घालवली. एकीला ताप आणला. आणि मी पाहत असतानाच तो सुरळीत दिवस विस्कटत गेला. दुपारनंतर एका चौकोनापुढे करडे ठिपके साचायला लागले, साचतच गेले, त्यांचा ढीग झाला. तो चौकोन काज करायच्या मशीनचा होता.

तो ढीग मी ओळखत होते. रोज दुपारी काजाच्या मशीनपुढे शर्टांचा असाच ढीग होतो, त्याला वळसा घालून जावं लागतं, त्याच्यावरून मी कित्येकदा बोलले आहे. तिला मी त्या ढिगाबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, आणि शेडमध्ये पाहिला असला तरी तिने तो यात घातला नव्हता. तिने फक्त प्रत्येक हाताचा वेग घेतला होता आणि प्रत्येकाची अडचण, आणि ढीग आपसूक तिथंच, त्याच वेळी जमला. ज्या कारखान्यात कापड नाही, दोरा नाही, माणूस नाही, तिथं आमचा ढीग. मी पडद्याला बोट लावून पाहिलं, तर तिने मला थांबवलं नाही.

"हा जमला म्हणजे आता विश्वास ठेवायला हरकत नाही," ती म्हणाली.

मग तिने सगळ्यांना त्यांनी मागितलेल्या वेळा दिल्या. सातवाली सातला, अकरावाली अकराला, संध्याकाळवाली संध्याकाळी. मला तेव्हा दिसलं की पडद्यावर कॉलरच्या मशीनवर एक हिरवा ठिपका रोज अकराला येऊन बसतोय. मी विचारलं, ही कोण? तिने त्या जामकडच्या बाईचं नाव घेतलं. मी म्हटलं, ती तर सोडून गेली.

"इथं नाही गेली," ती पडद्याकडे पाहत म्हणाली. "इथं तिला अकराची वेळ दिली आहे, तर ती येते."

मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. कात्री पिशवीत टाकून गेलेली बाई इथं रोज येत होती, बसत होती, कॉलर लावत होती.

पण त्या पहिल्या प्रयोगात कारखाना पार कोलमडला. दुपारी चारनंतर कॉलरींचा डोंगर आणि काजावर कोणी नाही. सकाळी कूस मारायला बसलेल्या रिकाम्या. मालकांनी तो पडदा पाहिला असता तर तिथंच थांबवलं असतं. सूनबाई मात्र जराही निराश दिसल्या नाहीत. त्यांनी एकेक गोष्ट बदलून पाहायला सुरुवात केली. दिवसाच्या मधले काही तास सगळ्यांनी असायचंच, त्याच्या अलीकडे-पलीकडे ज्याची त्याची सोय. दोन मशीनींच्या मध्ये अर्धवट शिवलेला थोडा माल टोपलीत मुद्दाम शिल्लक ठेवायचा, म्हणजे मागची आली नसली तरी पुढचीला काम राहील. दोघीतिघींनी काजाची मशीन शिकून घ्यायची. एवढं केलं आणि त्यांनी मला विचारलं, वर्ष चालवून पाहू?

मला समजलं नाही. तोवर ऑफिसातल्या मुलीने माझ्यापुढे चहा आणून ठेवला होता. सूनबाईंनी एक कळ दाबली आणि ठिपके दिसेनासे होतील इतक्या वेगाने पळायला लागले. कोपऱ्यात तारीख सरकत होती. संक्रांत गेली. होळी गेली. शाळा उघडायच्या आधीची गर्दी आली, ढीग चढले आणि उतरले. पोळा गेला, त्या दिवशी शेतकरी घरच्या बायका आल्या नाहीत. कापूस वेचायचे दिवस आले, काही ठिपके विरळ झाले. दिवाळी झाली. वर्ष संपलं. माझा चहा अजून गरम होता.

मग त्यांनी तेच वर्ष पुन्हा चालवलं, वेगळ्या वेळी ताप देऊन, वेगळ्या दिवशी बस चुकवून. आणि पुन्हा. मी किती वर्षं पाहिली त्याची गणती नाही. अजून न उगवलेले ते सगळे दिवस, आणि त्या प्रत्येकात आमच्या बायका येत होत्या, जात होत्या, खोळंबत होत्या, उठून घरी निघत होत्या. मी देवळात जाणारी बाई आहे, पण देवळातही मला कधी इतकं गप्प व्हायला झालं नव्हतं.

त्या वर्षांमधून एक गोष्ट वर आली जी आमच्यापैकी कोणालाच दिसली नव्हती. इस्त्रीवाली सकाळी नऊला येते तेव्हा इस्त्री करायला एकही शर्ट तयार नसतो. साखळीच्या शेवटी ती. पहिला शर्ट तिच्यापर्यंत यायला दुपार जवळ येते, आणि संध्याकाळी सगळ्या निघाल्या तरी ती उरलेले शर्ट संपवत थांबते. तिला उशिरा बोलावलं तर कारखान्याचं काही बिघडत नव्हतं, उलट दिवस बरा जात होता. तिचा ठिपका रोज सकाळी एका जागी नुसता बसून असलेला आम्ही पाहिला.

मालकांनी सगळं दोनदा समजून घेतलं आणि शेवटी बायकांनाही दाखवा म्हणाले. त्यांचं एरवी थोडक्यात आटपतं, पण त्या दिवशी ते स्वतः सतरंज्या घालत होते. कापायच्या टेबलामागच्या भिंतीवर पांढऱ्या शर्टाचं कापड ताणलं आणि त्यावर तो पडदा मोठा करून पाडला. सगळ्या खाली बसून पाहत होत्या. जरा वेळाने कोणीतरी हळूच विचारलं, याच्यात मी कोणती? आणि मग प्रत्येकीला आपला ठिपका शोधायचा होता. मी काठीने दाखवत होते. शेतात पाणी देणारी आपला ठिपका धावत आत शिरताना पाहून तोंडावर पदर धरून बसली.

इस्त्रीवाली बराच वेळ आपल्या ठिपक्याकडे पाहत होती. कधी न मागणारी ती बाई मग म्हणाली, "मी तं सकाळभर बसूनच राह्यली, बाई. मले काऊन नाई समजलं?" मग तिने अकरा वाजता आलं तर चालेल का म्हणून विचारलं. सकाळी घरी तिची म्हैस दूध देते, ते डेअरीला तिलाच नेता येईल, आता दिराच्या हाती पाठवावं लागतं.

कॉलरवालीला कळवायचं काम माझ्याकडे आलं. तिचा फोन लागेना, म्हणून एका रविवारी मी आणि माझे यजमान स्कूटरवर जामला गेलो. चौकातल्या दुकानात तिचा नवरा आलुबोंडे तळत होता. मी ओळख सांगितल्यावर त्याने हात पुसून बाकडं दिलं. मी म्हटलं, अकराला यायचं, संध्याकाळी उशिरापर्यंत बसायचं, फाटक उघडं राहील. त्याने कढईखालची आच कमी केली आणि विचारलं, "फक्त तिच्यासाठी केलं का हे?" मी म्हटलं, नाही, सगळ्यांसाठी. तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला. एकटीवर उपकार असता तर ती आली नसती, असं तो म्हणाला.

नव्या वेळा सुरू झाल्या आणि ज्या दिवशी पहिल्यांदा भोंगा वाजला नाही त्या दिवशी मी सातच्या आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिले. उजाडून थोडा वेळ झाला होता. पहिल्या दोघी आल्या आणि आत शिरायला बिचकल्या, जणू चोरून आल्यासारख्या. मग एकेक, दोन-दोन करत बायका येत राहिल्या, दुपार जवळ येईपर्यंत. कोणी पळत नव्हतं. मला एवढ्या वर्षांत आमच्या फाटकातून चालत येणाऱ्या बायका पाहायची सवयच नव्हती. अकराच्या बसने कॉलरवाली आली. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि थेट आपल्या मशीनवर जाऊन बसली. टोपलीत तिच्यासाठी कॉलरी कापून ठेवलेल्या होत्याच. तिने पिशवीतून कात्री काढली आणि टेबलावर उजव्या हाताशी ठेवली.

सूनबाई स्टुलावर बसून कधी लॅपटॉपकडे, कधी शेडकडे पाहत होत्या. दुपारी काजाच्या मशीनपुढचा ढीग गुडघ्याएवढा झाला आणि मग थांबला. पडद्यावरही तेवढाच दाखवला होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या की पुण्याची कामं त्या पाठवून देतात आणि पुढे काय झालं ते त्यांना कधी दिसत नाही. असा दिवस खरा होताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

सगळं सरळ झालं असं नाही. चावी कोणाकडे राहायची यावरून सातवाल्यांत कुरबुर झाली. शाळा उघडायच्या आधीच्या गर्दीत सोयीच्या वेळा पुरणार नाहीत हे पडद्याने आधीच सांगितलं होतं. तेव्हा बायकांनी आपसात बसून कोण कोणत्या आठवड्यात जास्त थांबेल ते ठरवलं, आणि मला फक्त कळवलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पडद्यावर आली नव्हती. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की सकाळी लवकर आलेल्या बायका, आपलं काम सुरू करायच्या आधी, उशिरा येणारीच्या मशीनमध्ये दोरा ओवून ठेवतात. बॉबिन भरून ठेवतात. संध्याकाळी शेवटी जाणारी सकाळवालीची मशीन पुसून जाते. कोणी सांगितलं नव्हतं. पूर्वी सगळ्या एकदम यायच्या, तेव्हा असं कोणी कोणासाठी केल्याचं मला आठवत नाही. मी सूनबाईंना दाखवलं.

"हे कसं घालायचं मॉडेलमध्ये?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "याचा वेग मोजता येईल. पण हे सुरू कशामुळे होतं?"

त्यांनी प्रयत्न केला, मला दाखवलाही, पण त्यांच्या मनासारखा झाला नाही. अजूनही तेवढा भाग त्यांनी तसाच सोडला आहे.

मागच्या वर्षी त्यांनी मला विचारलं, काकू, तुमची वेळ कोणती? मी म्हटलं, मला काय, मी असतेच. त्या ऐकेनात. शेवटी मी बुधवारी दहाला येईन असं सांगितलं, काहीतरी सांगायचं म्हणून. पहिल्या बुधवारी घरी माझं सगळं आवरून झालं आणि हातात वेळ उरला. मी अंगणात जाऊन उभी राहिले. पिपरी मेघेत मी लग्न होऊन आले तेव्हापासून राहते, पण कारखान्यात लागल्यापासून कामाच्या दिवशी या वेळचं पिपरी मेघे मी पाहिलं नव्हतं. समोरच्या घरातली म्हातारी गच्चीवर पापड पसरत होती. भाजीवाला कोणाशी तरी बोलत सावलीत थांबला होता. कडुनिंबाची सावली आमच्या पायरीवर आली होती. ती रोज याच वेळी तिथं येत असणार. मी पायरीवर बसले आणि ती पुढे सरकेपर्यंत बसून राहिले.